बेवारस ओळ

आमच्या घरात नवरा-बायकोची भांडणं होत नाहीत. बाप-लेकीच्या भांडणातून वेळच उरत नाही. आणि भांडण कशावरून, तर ते चार लोकांत सांगायचीही सोय नाही. शेजारीण एकदा काळजीने विचारायला आली होती, "काल बरेच आवाज येत होते, सगळं ठीक ना?" आता तिला काय सांगू, की रिपोर्टाच्या तक्त्याला किल्ली लावायची की नाही, यावरून आमच्या ह्यांनी जेवता जेवता ताट सारलं?

हे कॉलेजात डेटाबेस शिकवायचे. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी मांडून ठेवायची त्याचं शास्त्र. मुलं मागे त्यांना 'किल्लीसर' म्हणायची, कारण किल्ली या शब्दाशिवाय सरांचं पान हलत नसे. इतकी वर्षं ऐकून ऐकून ते शास्त्र मलाही पाठ झालंय. एक गोष्ट एकाच जागी लिहावी. लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे जगाबद्दलचं एक खरं विधान असावं. आणि जिला मालक नाही अशी ओळ तक्त्यात राहता कामा नये. म्हणजे असं, की दवाखान्यात प्रत्येक पेशंटला एक नंबर, ती त्याची किल्ली. प्रत्येक रिपोर्टावर तोच नंबर. त्या नंबरचा पेशंटच यादीत नसेल, तर मशीनने रिपोर्ट घ्यायलाच नकार द्यावा. आणि पेशंटला यादीतून काढायचं, तर आधी त्याचे रिपोर्ट काढायला लावावेत. हा नियम नसला, की रिपोर्ट मागे उरतो आणि पेशंट नसतो. अशा ओळीला हे 'बेवारस' म्हणतात, आणि म्हणताना तोंड असं करतात, की कोणी आमच्या दारात कचरा आणून टाकलाय.

लेक सॉफ्टवेअर लिहिते. बापाकडूनच शिकली आणि नोकरीला लागल्याबरोबर बापालाच शिकवायला लागली. तिचं शास्त्र एका वाक्यात मावतं: "बाबा, सोमवारी द्यायचंय."

"किल्ल्या लावल्यास का?"

"लावणार आहे."

"कधी?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधीच नाही."

"बाबा, तुमच्या पुस्तकात गिऱ्हाईक नसतं. माझ्याकडे नुसतं गिऱ्हाईकच असतं."

इथे मी कात्री आपटायची. मी कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान, आणि कापड कापायचं मोठं टेबल तेच आमचं जेवणाचं टेबल. मोठी कात्री त्यावर आपटली, की दोघं गप्प बसतात आणि मग फक्त चमच्यांचे आवाज येतात. मला विचाराल तर दोघंही बरोबर आणि दोघंही हट्टी. कागदावर बेतल्याशिवाय कापलं तर कापड वाया जातं, आणि कागदावर बेतलेलं जसंच्या तसं कुणाच्याच अंगाला बसत नाही. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघं मिळून माझ्यावर उलटले असते.

गेल्या काही महिन्यांपासून माझ्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. सुई बोटांतून गळून पडायची आणि मला पत्ताच नसायचा. मनगटात नस दबलीय, अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे, असं तपासणाऱ्याने सांगितलं. मग जवळच्या दवाखान्यात जायचं ठरलं. तिथलं सॉफ्टवेअर लेकीच्याच कंपनीचं. तिचं पहिलंवहिलं काम. "ओळख सांगू का तिकडे?" असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, मनगटाला कसली ओळख नि कसली सोबत. एकटीच गेले.

नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने माझं नाव, वय टाइप केलं आणि एकदम टाळ्या वाजवल्या. मागच्या दोघी उठून आल्या. मला वाटलं, माझ्या मागे कोणी मोठं माणूस उभं आहे. तर ती म्हणाली, "अभिनंदन काकू! नवीन सिस्टीम आल्यापासूनच्या तुम्ही पाच हजाराव्या पेशंट!" आणि टेबलाखालून एक फुलांचा गुच्छ काढून माझ्या हातात दिला. दवाखान्यात जास्त गिऱ्हाईक झालं याचा आनंद कोणी करावा, हे मला काही पटलं नाही. पण फुलं चांगली होती. घेतली.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात. लॅबमधल्या मुलीला सर्दी झाली होती. ती तोंड वळवून शिंकायची, मग सॉरी म्हणायची. गप्पिष्ट होती. मी शिवते म्हटल्यावर तिने सुई टोचता टोचता आपल्या एप्रनचा उसवलेला खिसा मला दाखवला. दुपारी डॉक्टरबाईंना भेटा म्हणाली.

दुपारी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी पडद्यावर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पडद्याकडे. एक कागद छापून घेतला आणि तो वाचत असताना म्हणाल्या, "घरचं कोणी आलंय का सोबत?"

तुम्हाला म्हणून सांगते, या जगात ह्याच्याइतकं वाईट वाक्य नाही. 

रक्तातल्या पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढल्यात, म्हणाल्या. लाल फार कमी आहेत. रक्त गोठवणाऱ्याही कमी आहेत. रक्ताचा कॅन्सर असू शकतो. पुन्हा रक्त घेऊ, हाडातली मज्जा तपासू, तज्ज्ञ उद्या सकाळी येतील. हाताचं ऑपरेशन विसरा, सुरी लावली तर रक्त थांबायचं नाही. "इतक्या कमी रक्तावर तुम्ही जिना चढून आलात?" त्यांनी विचारलं.

"लिफ्टला रांग होती," मी म्हटलं.

"आजच दाखल व्हा."

"घरी सांगून उद्या सकाळी येते."

"अहो, असं चालत नाही."

"मी आतापर्यंत चालवलंय ना? मग आणखी एक रात्र चालवीन." माझा हा असा स्वभाव. भीती वाटली, की मी उद्धट होते. त्यांनी नाइलाजाने मान हलवली आणि बजावलं, जरा काही वाटलं तरी तशाच निघून या.

बाहेर आले तर रस्ता तसाच होता. बस थांबत होत्या, एक माणूस दुकानाची काच पुसत होता, आणि माझ्या एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात तो कागद. मी बसने आले नाही. चालत आले, कारण माझा त्या बाईंवर राग होता. जिना चढलेला चालत नाही काय, मग रस्ताच चालून दाखवते.

लेक त्या दिवशी घरून काम करत होती. "अय्या, फुलं कोणी दिली?" म्हणत हसत पुढे आली. मी फुलं तिच्या हातात दिली आणि कागद टेबलावर ठेवला. काय झालं ते सरळ सांगून टाकलं. आडून आडून सांगायला मला जमत नाही. हे आरामखुर्चीत होते, ते उठून उभे राहिले आणि मग कशाला उठलो हेच विसरले. लेकीने कागदाची एक ओळ वाचली आणि तो उपडा करून वर माझी मापाची टेप ठेवली, जणू वाऱ्याने उडेल. तिच्याने पुढे वाचवेना.

त्यानंतर जे झालं, त्याने मी खरी घाबरले.

"बाबा, उद्या लवकर निघू या," लेक म्हणाली.

"तू म्हणशील तसं," हे म्हणाले.

"तुम्हाला वाटत असेल तर आत्ताच जाऊ."

"नको, तुझं बरोबर आहे. सकाळीच जाऊ."

मी दोघांकडे बघतच राहिले. लेक पाच वर्षांची असल्यापासून आमच्या ह्यांच्या तोंडून "तुझं बरोबर आहे" हे शब्द तिने ऐकलेले नाहीत. जेवणात तेच. "बाबा, तुम्ही घ्या." "नको, तू घे." कात्री माझ्या हाताशी होती आणि तिला काही कामच नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मला शंका होती. ही दोघं एकमेकांशी गोड बोलायला लागली, तेव्हा माझी खात्री पटली की मी मरणार.

मी रडले नाही. एका गिऱ्हाईकाच्या कोटाचं अस्तर राहिलं होतं, ते लावायला घेतलं. बोटांना मुंग्या होत्याच. अस्तर वाकडं गेलं, ते उसवलं. हे मागे येऊन उभे राहिले. "उद्या लाव," म्हणाले. मग त्यांना वाटलं आपण भलतंच बोललो, आणि ते तोंड फिरवून आत गेले. मला त्यांची कीव आली. आयुष्यभर ह्या माणसाने जग नीट तक्त्यांत बसवलं, आणि आता समोर जे आलंय त्याला कुठला रकाना आहे हेच त्याला कळत नव्हतं.

सकाळी आवरून आम्ही चहाला बसलो. निघायला अजून अवकाश होता.  ह्यांनी माझी टेप बाजूला केली, कागद उलटला आणि चष्मा लावला.

"बाबा, नको ना," लेक म्हणाली.

"बघू तर दे." मग कागद सरळ करत, "मला दुसरं काही येत नाही गं. वाचता येतं."

आणि ते वाचायला लागले. वर्गात वाचत तसे, प्रत्येक रकाना मोठ्याने. एक ओळ म्हणजे एक विधान, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "पेशंट आपली हीच. तारीख कालची. रक्त कोणी घेतलं: रिकामं. किती वाजता घेतलं: रिकामं. नमुन्याचा क्रमांक: रिकामा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रक्त घेतलं ना तुझं?"

"घेतलं तर. सर्दी झालेली मुलगी होती. खिसा उसवलेला होता तिचा."

"मग तिचं नाव कुठे आहे?"

"बाबा, तो रकाना कोणी भरत नाही," लेक थकून म्हणाली.

एरवी ह्यावर अर्धा तास गेला असता. हे नुसतं "बरं" म्हणाले आणि पुढे सरकले. आकड्यांपाशी त्यांचं बोट थांबलं. कॉलेजातली जुनी सवय, आकडा कधी सलग वाचायचा नाही, एकेक अंक सुटा वाचायचा, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही चूक होत नाही. "पांढऱ्या पेशी," म्हणाले. "एक, दोन, तीन, चार, शून्य, शून्य. हिमोग्लोबिन: पाच, सहा. म्हणजे पाच पूर्णांक सहा. आणि ह्या खालच्या, गोठवणाऱ्या: सात, आठ, नऊ, शून्य, शून्य."

लेकीने कप खाली ठेवला. बशीत नाही, टेबलावर.

"परत वाचा."

"कशाला उगीच..."

"बाबा, परत वाचा!"

त्यांनी परत वाचलं. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा. सात, आठ, नऊ. लेकीचा उजवा हात टेबलावर होता आणि तिची बोटं ओळीने हलत होती, कीबोर्डच्या वरच्या रांगेवरून जावीत तशी. तिने कागद ओढून घेतला आणि कोपऱ्यातला पेशंट नंबर वाचला. काल तो तिने बघितलाच नव्हता. मीही सांगितला नव्हता. फुलं कशाची ते पुन्हा विचारायला कोणाला सुचलं होतं?

"पाच हजार," ती म्हणाली. "बाबा, हे माझं अक्षर आहे."

मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. छापलेल्या कागदावर कसलं आलंय अक्षर! पण ह्यांना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि तिने भडाभडा सांगून टाकलं.

सॉफ्टवेअर करताना ते चालतंय की नाही हे बघायला खोटे पेशंट लागतात. तिने असे डझनभर पेशंट केले होते. खऱ्यांशी गल्लत नको म्हणून त्यांना नंबर दिले पाच हजारापासून पुढे. पाच हजार खरे पेशंट होईपर्यंत आपण कुठे आणि हे काम कुठे, असा हिशेब. रिपोर्टही खोटे. डॉक्टरांच्या पडद्यावर धोक्याचा लाल रंग येतो का, हे बघायचं होतं, म्हणून आकडे असे टाकले की लाल यायलाच हवा. विचार करून नाही टाकले. बोट नेलं एकापासून नवापर्यंत. आणि काम द्यायच्या आदल्या दिवशी सगळे खोटे पेशंट पुसून टाकले.

"आणि त्यांचे रिपोर्ट?" ह्यांनी विचारलं. अगदी हळू.

"ते दुसऱ्या तक्त्यात होते."

"म्हणजे राहिले."

"राहिले."

"आणि तो नियम?"

"काढून ठेवला होता. दवाखान्याची जुनी माहिती चढवताना मशीन त्या नियमापायी पावलोपावली अडत होतं. सोमवारी द्यायचं होतं, बाबा. नंतर लावू म्हटलं."

आता येणार, मी मनात म्हटलं. इतकी वर्षं थांबलेलं 'मी सांगत होतो' आता येणार. ते आलं नाही. हे विचारत होते, "पण तारीख कालची कशी?"

तेव्हा लेकीने डोळे मिटून घेतले. खोट्या रिपोर्टांना तिने तारीखच दिली नव्हती. आणि छापताना कागदावर तारखेची जागा मोकळी दिसते, बरं दिसत नाही, अशी दवाखान्याने तक्रार केली होती. म्हणून तिच्याच कोणा सोबत्याने करून ठेवलं: तारीख नसेल तर आजची छाप. वर आणि बिनतारखेचे रिपोर्ट यादीत सगळ्यात वर येतात. डॉक्टरबाईंनी वरचा पहिला बघितला. त्यांचा तरी काय दोष?

"माहीत नाही म्हणजे आज नव्हे," हे पुटपुटले. एवढंच.

मी मध्ये बोलले. "मला एकच सांगा. मी आजारी आहे की नाही?"

दोघंही माझ्याकडे वळले. मला वाटतं, मी तिथे आहे हे क्षणभर दोघं विसरले होते. लेक म्हणाली, "आई, हा रिपोर्ट तुझा नाही. तो कोणाचाच नाही. ज्याचा म्हणून मी तो टाकला, ते माणूसच नव्हतं कधी; त्याचा नंबर तेवढा काल तुला मिळाला." आणि टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मला अजून विश्वास ठेवायचा धीर होत नव्हता. काल एका कागदावर विश्वास ठेवला होता, आज घाईने दुसऱ्या गोष्टीवर ठेवायचा आणि परत तोंडावर आपटायचं? हेही तसंच म्हणाले. "हे अजून अनुमान आहे. तुझा खरा रिपोर्ट कुठेतरी असलाच पाहिजे. तो दिसेपर्यंत काही बोलू नये." पण बूट घालताना त्यांनी डावा उजव्यात घातला, म्हणजे अनुमानावर त्यांचाही बराच भरवसा बसला होता.

दवाखान्यात आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलोच नाही, सरळ लॅबमध्ये शिरलो. सर्दीवाली मुलगी होती. मला बघून म्हणाली, "काय काकू, झालं का ऑपरेशनचं?" लेक म्हणाली, "ह्यांचा कालचा रिपोर्ट तुमच्या मशीनवरून थेट दाखवाल का? आमच्या पडद्यावरून नको." मुलीने नमुन्याचा क्रमांक शोधला, बटण दाबलं.  ह्यांनी माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं, की दुसऱ्या हातालाही मुंग्या आल्या.

"सगळं छान आहे," मुलगी म्हणाली. "हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, पण ते निम्म्या बायकांचं असतं. काल दुपारीच पाठवला की मी हा. का, काय झालं?"

माझ्या जिवात जीव आला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी रक्त घ्यायच्या त्या खुर्चीतच बसले. रडू आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. ती मुलगी घाबरून म्हणाली, "अहो, चांगला आहे रिपोर्ट!" मला हसूही आलं. हे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या पुसून होत नव्हता.

डॉक्टरबाईंनी खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतलं. तेही ठीक निघालं. त्यांनी माझी माफी मागितली, आणि वर म्हणाल्या, "मला वाटलंच होतं हो, ह्या रक्तावर माणूस जिना चढत नाही." वाटलं होतं तर काल बोलायचं! पण मेलेलं माणूस उठून बसलं की त्याने पहिल्याच दिवशी तोंड सोडू नये.

लेक मात्र एका जागी ठरत नव्हती. पाच हजारानंतरचे आणखी अकरा नंबर होते. त्यातले दोन काल संध्याकाळी आणि आज सकाळी खऱ्या माणसांना गेले होते. तिने खिडकीतल्या मुलीला गाठलं, आपल्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला, काय झालंय ते लपवाछपवी न करता सांगितलं. त्या दोघांना अजून डॉक्टरांनी बोलावलं नव्हतं, देवाचीच कृपा. दुपारपर्यंत लॅबमधले रिपोर्ट हातोहात डॉक्टरांकडे जायला लागले, आणि लेक नोंदणीच्या खिडकीमागे कॉम्प्युटरसमोर बसली. फोन कानाला, वर साहेबांची परवानगी. हे तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मी समोरच्या बाकावर बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

"आता नियम लाव," हे म्हणाले.

"लावतेय, पण घेत नाही. अजून बेवारस ओळी आहेत म्हणतं. ह्या माझ्या नाहीत."

"मग पुसून टाक."

"बाबा, एकदम पुसायचं नाही. ह्यात खऱ्या माणसांचेही असतील. ही बघा, ही नवजात बाळाची. नाव रिकामं, आणि नावाशिवाय नंबर मिळत नाही, म्हणून पेशंट नंबरही रिकामा."

"नाव रिकामं कसं घेतलं?"

"जन्मून तासही झाला नव्हता, नाव कुठून आणणार? रक्त तर लगेच तपासावं लागतं. बाळ काय तुमच्या नियमासाठी थांबेल?"

ह्यांनी वाकून ती ओळ वाचली. मी मान वर करून बघितलं.  "हे मी कधी शिकवलं नाही," ते म्हणाले. "मुलांना नेहमी भरलेले तक्तेच दिले." मग त्यांना एकदम सुचलं. "पण म्हणूनच तर! नाव ही किल्ली नसावीच कधी. बाळाला आल्या आल्या नंबर द्यायचा, नाव नंतर येऊ दे!"

"आता 'नंतर' तुम्ही म्हणालात."

"ते नंतर वेगळं!"

"कसं वेगळं?"

"ते विचारपूर्वक आहे. आणि तो तुझा खोटा रिपोर्ट आधी पूस. खोटं विधान एक क्षणही तक्त्यात राहता कामा नये."

"तो तर मुळीच पुसायचा नाही. 'रद्द' असा शिक्का मारून ठेवायचा. उद्या कोणी विचारलं काय झालं होतं, तर दाखवणार काय?"

"खोट्याला शिक्का मारून जपायचं? हे कुठलं शास्त्र?"

"अर्धवट पुसल्यामुळेच तर हे सगळं झालं, बाबा!"

"अर्धवट पुसल्यामुळे! पुसल्यामुळे नव्हे!"

खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसं आत वाकून बघायला लागली. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. एरवी मी कात्री शोधली असती. पण काल आमच्या घरात दोघं एकमेकांचं ऐकत होते आणि मी मरणार होते. आज कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. हे हातवारे करत होते, लेक टेबलावर पेन आपटत होती. तिचा आवाज बापासारखाच वर चढतो, हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं, की हाताला मुंग्या आहेत हेसुद्धा मी विसरले.

तेवढ्यात डॉक्टरबाईंच्या खोलीतून नर्स बाहेर आली. माझ्या हाताच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, तिच्या हातात संमतीचा कागद होता. तिने बाकांवरून नजर फिरवली आणि हाक मारली, "पाच हजार नंबर! घरचं कोणी आलंय का सोबत?"

"आलंय ना," मी म्हटलं. "ऐकू येत नाहीये का?"